'सर्व्हर डाउन' या वाक्याचा कर्ता कोण?

आपल्या देशातील शासकीय कार्यालयांत सध्या दिवसभरात सर्वाधिक वेळा उच्चारले जाणारे वाक्य कोणते, असे कोणी मला विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन – 'सर्व्हर डाउन आहे'. व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्याला कर्ता आहे, प्रशासनाच्या दृष्टीने मात्र नाही. पूर्वी 'साहेब दौऱ्यावर आहेत', 'भाऊसाहेब रजेवर आहेत', 'फाईल वर गेली आहे' अशी उत्तरे मिळत. त्या उत्तरांनीही लोकांची कामे होत नसत, हे खरेच. पण त्यांत निदान एक माणूस असे. कोणते साहेब, केव्हा परतणार, त्यांचा कार्यभार कोणाकडे, असे प्रतिप्रश्न विचारता येत आणि विचारणारा थोडा जाणकार असेल तर उत्तरही मिळवता येई. सर्व्हर कोणाचा, तो कोणी चालवायचा, केव्हा उठणार, तो निजला असताना काम कोणी करायचे, हे प्रश्न खिडकीवरच्या कारकुनाला विचारण्यात अर्थ नसतो, कारण ते त्यालाही कोणी सांगितलेले नसते.

हा प्रश्न आज मांडण्याचे कारण असे की गेल्या काही वर्षांत सर्व्हर ही वस्तूच बदलली आहे आणि तिच्यासाठीचे आपले करार, शासन निर्णय व जबाबदाऱ्यांची वाटणी मात्र जुन्या वस्तूला बेतलेली आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना या बदलाची झळ अधिक बसते, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहितो.

उदाहरण म्हणून डेराबस्सी घेऊ. चंदिगडहून अंबाल्याकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे पंजाबातील तहसिलीचे गाव. पूर्वी पतियाळा जिल्ह्यात असलेले हे गाव २००६ मध्ये स्वतंत्र मोहाली जिल्हा झाला तेव्हा त्यात आले. आसपास औषधनिर्मितीचे, रसायनांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर देशभरातील माणसे आली. त्यांत आपली मराठी माणसेही आहेत. या गावाचे महाराष्ट्राशी दोन अदृश्य धागे जुळलेले आहेत, याची कल्पना तेथे राहणाऱ्यांनाही फारशी नसते. पहिला धागा असा. पंजाबात दस्त नोंदणीसाठी जी संगणक प्रणाली वापरली जाते ती 'एनजीडीआरएस' ही राष्ट्रीय प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, पुणे कार्यालयाने विकसित केली. पंजाबात ती २०१७ मध्ये मोगा आणि आदमपूर येथे सुरू झाली आणि २०१८ मध्ये राज्यभर लागू झाली. डेराबस्सीत कोणी घर घेतले तर त्याच्या खरेदीखताची नोंद पुण्यात घडलेल्या प्रणालीवर होते. दुसरा धागा उलट दिशेचा. साताऱ्याकडचा एखादा गृहस्थ डेराबस्सीत नोकरीला असेल आणि त्याला गावच्या जमिनीचा सातबारा हवा असेल, तर त्याला तलाठ्याच्या चावडीवर जावे लागत नाही. २०१८ पासून महाराष्ट्र शासन डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावर देते, आणि त्याचे शुल्क पंधरा रुपये आहे. पंधराशे किलोमीटरांवरच्या माणसाला ही फार मोठी सोय आहे. पण याचा अर्थ असाही आहे की त्या माणसाच्या दृष्टीने आता सर्व्हर हीच चावडी आहे. ती बंद असेल तर दुसऱ्या दिवशी जाऊन बसण्यासाठी दुसरा ओटा नाही.

आता ही नवी वस्तू कशी आहे ते पाहू. माझ्या परिचयातील एक मराठी अभियंता डेराबस्सीजवळच्या एका औषध कारखान्यात संगणक विभाग सांभाळतो. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक बॅचबरोबर विश्लेषणाचे प्रमाणपत्र जावे लागते. ते मिळेपर्यंत मालाने भरलेला ट्रक फाटकाबाहेर पडत नाही. हे प्रमाणपत्र तयार करणारे, ग्राहकांच्या मागण्या नोंदवणारे आणि त्यांची स्थिती दाखवणारे अ‍ॅप्लिकेशन त्याने नेक्स्ट जेएस या चौकटीत बांधले आहे. जावास्क्रिप्ट ही भाषा मुळात ब्राउझरमध्ये चालण्यासाठी जन्मली. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड जेएस आणले आणि ती सर्व्हरवर व्यापक प्रमाणात चालू लागली. २०१६ मध्ये नेक्स्ट जेएस आले आणि पानाची मांडणी सर्व्हरवरच करून वाचकाला तयार पान पाठवणे सोपे झाले. आज देशातील कितीतरी नवी संकेतस्थळे अशाच चौकटींवर उभी राहत आहेत.

असे अ‍ॅप्लिकेशन हल्ली एकटे राहत नाही. ओळख पटवणारी सेवा, पैसे घेणारी सेवा, कागदपत्रे सांभाळणारी सेवा, संदेश पाठवणारी सेवा आणि या सर्वांच्या पुढे उभे असलेले प्रवेशद्वार, असा संसार असतो. या सगळ्यांना एकत्र नांदवणारी जी व्यवस्था असते तिला तंत्रज्ञ रनटाइम म्हणतात. ती दुसऱ्या कोणी सांभाळायला घेतली असेल तर तिला व्यवस्थापित म्हणतात. मला ही रचना जुन्या पुण्यातील वाड्यासारखी वाटते. बिऱ्हाडे वेगळी, दिंडी दरवाजा एक, आड एक, छप्पर एक. कोणत्या खोलीत दिवा लागला नाही हे पाहणारा एक दिवाणजी. प्लॅटफॉर्मॅटिक कंपनीचा वॉट हा नोडसाठीचा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर तर अक्षरशः अशा वाड्यासारखा आहे. त्यात अनेक सेवा एकाच प्रोसेसमध्ये, पण स्वतंत्र धाग्यांवर चालतात आणि एकमेकींशी बाहेर न पडता आतल्या आत बोलतात.

या व्यवस्थेचे फायदे प्रथम मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. एखादी सेवा कोसळली तर दिवाणजी ती पुन्हा उभी करतो, त्यासाठी मध्यरात्री कोणाला उठवावे लागत नाही. सर्व नोंदी एका ठिकाणी येतात. गर्दी वाढली तर त्याच सेवेच्या आणखी प्रती उभ्या करता येतात. सुरक्षिततेचाही फायदा आहे. मार्च २०२५ मध्ये नेक्स्ट जेएसमध्ये एक गंभीर दोष उघड झाला. विनंतीबरोबर एक विशिष्ट अंतर्गत शीर्षक जोडून पाठवले की मधला तपासणीचा टप्पा वगळला जाई. ज्यांनी परवानगीची सगळी तपासणी त्याच टप्प्यावर ठेवली होती त्यांचे दार सताड उघडे होते. तेव्हा नेक्स्ट जेएस बनवणाऱ्या वर्सेल कंपनीच्या स्वतःच्या मंचावरील अ‍ॅप्लिकेशने सुरक्षित राहिली. ज्यांनी तशी तपासणी ठेवून ते आपल्या सर्व्हरवर स्वतः चालवले होते त्यांना मात्र धावपळ करून आवृत्ती बदलावी लागली. छोट्या कार्यालयाने सगळे स्वतः सांभाळण्यापेक्षा जाणकाराच्या वाड्यात बिऱ्हाड करावे, या मताला यातून बळ मिळते. माझेही मत तसेच आहे.

तरीही एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. व्यवस्थापित रनटाइम चालवण्याचे श्रम घेतो, जबाबदारी घेत नाही. श्रम सोपवले म्हणजे जबाबदारीही सोपवली असे समजणे, हा आजच्या संगणकीकरणातील सर्वांत मोठा गैरसमज आहे. तो कोठे कोठे नडतो हे चार बाबींवरून दिसेल.

पहिली बाब पुन्हा उभे करण्याची. नोडची काम करण्याची रीत समजण्यासाठी एकखिडकी कार्यालयाची कल्पना करावी. खिडकीवर एकच कारकून. तो अर्ज घेतो, आतल्या टेबलाकडे सरकवतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या माणसाला बोलावतो. आतून उत्तर आले की पहिल्याला हाक मारतो. या रीतीने एकटा कारकून शेकडो माणसे हाताळतो. परंतु तोच कारकून एखाद्याची लांबलचक बेरीज स्वतः करत बसला तर सगळी रांग थांबते. डेराबस्सीच्या त्या कारखान्यात महिनाअखेरीस नेमके हेच झाले. शेकडो पानांची प्रमाणपत्रे एकाच वेळी मागितली गेली, आणि ती तयार करण्याचे जड काम त्याच मुख्य धाग्यावर चालत होते. दिवाणजी दर काही सेकंदांनी 'आहात का?' असे विचारतो, त्याचे उत्तर देणाराही तोच कारकून. तो बेरजेत गुंतलेला. उत्तर आले नाही, म्हणून दिवाणजीने तो मेला असे ठरवून त्याला काढले आणि नवा बसवला. जुन्याच्या हातातील सर्व कामे गेली. ग्राहकांनी पुन्हा बटण दाबले, नव्यावरही तोच भार आला आणि तोही काढला गेला. फाटकाबाहेर न पडलेल्या ट्रकांची रांग वाढत राहिली. पण रनटाइमच्या पडद्यावर प्रत्येक वेळी 'सेवा यशस्वीरीत्या पुन्हा सुरू' असेच दिसत होते. उपाय साधा होता. प्रमाणपत्रे बनवण्याचे काम वेगळ्या धाग्यावर, वेगळ्या रांगेत टाकायचे. तो उपाय सुचण्यासाठी 'का पडले?' असा प्रश्न कोणीतरी विचारावा लागला. यंत्र 'पडले का?' एवढेच विचारते.

आमच्या प्रशासनात हा रोग जुनाच आहे. एखाद्या टेबलावर माणूस टिकत नाही, दर तीन महिन्यांनी नवा प्रभारी येतो, पद कागदोपत्री भरलेले दिसते आणि काम मात्र होत नाही. तेथे पद भरले की नाही हे पाहून चालत नाही, माणूस का टिकत नाही हे पाहावे लागते.

दुसरी बाब कागदपत्रांची. रनटाइममधील सेवेला मिळालेली जागा ही भाड्याची, तात्पुरती असते. अनेक मंचांवर सेवा नव्याने उभी राहिली की तिच्या स्थानिक डिस्कवरील सगळे पुसले जाते. अर्जदाराने चढवलेला जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, करारनामा प्रोग्रामरने सवयीने स्थानिक फोल्डरमध्ये ठेवला असेल, तर अर्जाचा क्रमांक डेटाबेसमध्ये राहतो आणि कागद नाहीसा होतो. महिन्याभराने अर्जदाराला पत्र जाते, 'आपण कागदपत्रे जोडलेली नाहीत'. असा मनस्ताप सहन केलेल्या माणसाला मी पाहिले आहे. तो बिचारा स्वतःवरच शंका घेत होता. कागद स्थायी साठवणुकीतच ठेवायचे, हा नियम कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. तो पाळला गेला की नाही हे तपासणे विभागाचे काम आहे.

तिसरी बाब त्याहून सूक्ष्म आहे. नेक्स्ट जेएसमध्ये ब्राउझरला दिसणारी काही मूल्ये अ‍ॅप्लिकेशन बांधतानाच त्यात गोठवली जातात, चालवताना बदलता येत नाहीत. चाचणीसाठी बांधलेलीच प्रत प्रत्यक्ष वापरात आणली तर नागरिकाचा ब्राउझर चाचणीच्या सर्व्हरशी बोलत राहतो. वाड्याच्या समाईक दरवाजातून आत आल्यावर आपले बिऱ्हाड कोणत्या पत्त्यावर आहे, हेही त्याला बांधतानाच सांगावे लागते, नाहीतर चित्रे व शैली सापडत नाहीत आणि पान विस्कटते. तसेच एकाच सेवेच्या दोन प्रती चालू असतील आणि प्रत्येकीने तयार पानाची साठवण आपापल्याजवळ ठेवली असेल, तर शुल्क बदलल्यानंतर एका नागरिकाला जुने शुल्क दिसेल आणि शेजारच्याला नवे. दोघेही खरे सांगत असतात आणि कारकून दोघांशीही भांडतो.

चौथी बाब कार्यभार हस्तांतरणाची. बदली झालेला अधिकारी कार्यमुक्त होण्यापूर्वी चार्ज देतो, प्रलंबित प्रकरणांची यादी करतो, रोकड मोजून देतो. रनटाइमही सेवेला थांबवण्यापूर्वी सूचना देतो आणि ठरावीक मुदत देतो. कुबरनेटीसमध्ये ती मुदत, वेगळी ठरवली नसेल तर, तीस सेकंदांची असते. तेवढ्यात नवी कामे घेणे बंद करायचे, हातातली संपवायची आणि डेटाबेसशी असलेले संबंध नीट तोडायचे. मुदत संपली की सेवा बळाने बंद केली जाते. अ‍ॅप्लिकेशनने ही सूचना ऐकण्याची सोयच केली नसेल तर नागरिकाच्या खात्यातून पैसे जातात आणि पावती निघत नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी हे घडू शकते. तरीही आमच्या निविदांमध्ये 'सेवा बंद करताना हातातील व्यवहार पूर्ण केले जातील' असे वाक्य मला क्वचितच दिसले आहे.

आता वाड्याचेच छप्पर कोसळले तर? २० ऑक्टोबर २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या आणि एका महत्त्वाच्या डेटाबेस सेवेच्या पत्त्याची नोंदच रिकामी झाली. जगभरातील असंख्य सेवा काही तास विस्कळीत झाल्या, आणि स्वयंचलित यंत्रणेला न सुटलेली ती गाठ शेवटी माणसांनी हाताने सोडवली. ३ डिसेंबर २०२५ रोजी रिअ‍ॅक्टच्या सर्व्हर घटकांमध्ये दहापैकी दहा गंभीरतेचा दोष जाहीर झाला आणि नेक्स्ट जेएसही त्याच्या कचाट्यात सापडले. मोठ्या मंचांनी आपल्या दरवाजांवर पहारे बसवले, पण प्रत्येक ग्राहकाला बजावलेही की पहाऱ्यावर विसंबू नका, आवृत्ती बदला. याच दोषापासून ग्राहकांना वाचवण्यासाठी क्लाउडफ्लेअरने केलेल्या बदलातून ५ डिसेंबरला त्यांची सेवा सुमारे पंचवीस मिनिटे अडखळली. शासकीय वाडेही याला अपवाद नाहीत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय डेटा केंद्रात बॅटरीला आग लागली आणि सहाशेहून अधिक शासकीय प्रणाली बंद पडल्या. अधिकाऱ्यांच्या फाईलींची ८५८ टेराबाइटची समाईक साठवण दुसरी प्रत नसल्यामुळे कायमची गेली. संगणकीकरणात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही कथा आहे.

आपल्याकडे २०१३ मध्ये केंद्राने मेघराज हे क्लाउड धोरण आणले, २०१४ मध्ये एनआयसीचा क्लाउड सुरू झाला, आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडचे धोरण स्वीकारले. दिशा योग्य आहे. मात्र धोरणाने वाडा मिळतो, दिवाणजीला जाब विचारणारा घरमालक त्यातून मिळत नाही. एका आढावा बैठकीत मी तीन पक्षांना एकाच टेबलाभोवती बसलेले पाहिले. क्लाउड पुरवठादार म्हणाला, आमचा मंच चालू होता. अ‍ॅप्लिकेशन बांधणारी कंपनी म्हणाली, आमचा कोड बरोबर आहे. विभाग म्हणाला, आम्ही तांत्रिक नाही. तिघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. नागरिकाचे काम मात्र अकरा दिवस अडले होते.

येथे एक कायदेशीर प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत गंभीर आहे. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम २३ नुसार दस्त निष्पादनापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करावा लागतो. त्यानंतर कलम २५ खाली आणखी चार महिन्यांपर्यंत विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी निकडीचे किंवा अटळ कारण दाखवावे लागते आणि नोंदणी शुल्काच्या दहा पटींपर्यंत दंड होऊ शकतो. समजा, डेराबस्सीतील एक कुटुंब मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात आले आणि त्या दिवशी सर्व्हर बंद होता. सर्वसाधारण खंड अधिनियम १८९७ चे कलम १० सांगते की शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल तर पुढे ज्या दिवशी ते उघडेल त्या दिवशी केलेली कृती मुदतीत केली असे मानले जाईल. पण येथे कार्यालय उघडे आहे, अधिकारी खुर्चीत आहेत, पंखा फिरतो आहे, फक्त काम होऊ शकत नाही. हे कार्यालय कायद्याच्या दृष्टीने उघडे की बंद? कलमाचे शब्द १८९७ चे आहेत, त्यांत दाराला कुलूप असण्याची कल्पना आहे. माझे स्पष्ट मत असे की ज्या कार्यालयात ते काम करण्याचा एकमेव मार्ग बंद आहे, ते कार्यालय त्या कामापुरते बंद मानले पाहिजे, आणि तसे नियमांत लिहिले पाहिजे. आज ते नागरिकाला अर्ज-विनंती करून, पुरावा गोळा करून सिद्ध करावे लागते. हा पुरावा ज्या नोंदीत आहे ती नोंद त्याच्याकडे नसते, आणि बहुधा कोणाकडेच नसते.

मोठ्या प्रश्नांत शासन स्वतःहून वाट काढते. सप्टेंबर २०२५ मध्ये प्राप्तिकर विवरणपत्रांच्या शेवटच्या दिवशी पोर्टलच्या अडचणींची ओरड झाली तेव्हा मुदत एका दिवसाने, १५ वरून १६ सप्टेंबरपर्यंत वाढवण्यात आली. देशभरातील करसल्लागारांचा आवाज दिल्लीत ऐकू जातो. एका तहसिलीतील एका कुटुंबाचा आवाज चंदिगडपर्यंतही जात नाही. म्हणून त्याला आवाजाची गरज पडणार नाही असा नियमच हवा.

काय करता येईल, ते मुद्देसूद मांडतो.

१. प्रत्येक प्रणालीसाठी विभागातील एका अधिकाऱ्याचे पदनाम आदेशाने निश्चित करावे. कंपनीतील व्यक्ती नको, शासनातील अधिकारी हवा. प्रणाली बंद असताना खिडकीवर त्या पदनामाचा आणि संपर्काचा फलक लागावा.

२. सेवा किती वेळा आपोआप पुन्हा उभी केली गेली आणि प्रत्येक वेळचे कारण काय, याची मासिक नोंदवही असावी. 'अज्ञात' हे कारण तीनदा आल्यास देयक रोखावे.

३. उपलब्धता क्लाउडच्या दारात नव्हे, खिडकीवर मोजावी. मंच सुरू आहे पण पैसे भरले जात नाहीत, याला सुरू म्हणू नये.

४. सर्व्हर बंद असताना आलेल्या माणसाला दिनांक, वेळ व क्रमांक असलेली छापील किंवा हस्तलिखित पोच द्यावी. मुदतीसाठी ती सादरीकरणाची तारीख धरली जाईल अशी तरतूद नियमांत करावी. कार्बन पेपरच्या पुस्तकावरही हे होऊ शकते.

५. नोंदी सेवेबाहेर, सुरक्षित ठिकाणी जपाव्यात. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार १८० दिवसांच्या नोंदी ठेवणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. रनटाइमने सेवा नव्याने उभी केली की तिच्या पोटातील नोंदीही जातात, हे लक्षात घेऊन व्यवस्था करावी.

६. कराराची मुदत आणि तंत्रज्ञानाचे आयुष्य यांचा मेळ घालावा. नोडची १८ वी आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये आली आणि ३० एप्रिल २०२५ ला तिचा आधार संपला, म्हणजे तीन वर्षे. आमचे करार पाच वर्षांचे असतात. मधल्या काळात आवृत्ती कोण बदलणार आणि त्याचा खर्च कोणाचा, हे पहिल्या दिवशी लिहिलेले हवे.

७. वर्षातून एकदा वाडा बदलून पाहावा. सर्व डेटा व अ‍ॅप्लिकेशन घेऊन दुसऱ्या मंचावर चालवून दाखवावे. जेथून बाहेर पडता येत नाही ते बिऱ्हाड राहत नाही, ती नजरकैद होते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. तहसीलदाराने, उपविभागीय अधिकाऱ्याने आता जावास्क्रिप्टही शिकायचे काय? मुळीच नाही. तहसीलदाराला गवंडीकाम येत नाही. तरी बांधकामाचे मोजमाप पुस्तक तो वाचतो, सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब मागतो, आणि भिंत ओली का आहे असे विचारतो. त्याला रोखापाल व्हावे लागत नाही, तरी महिन्यातून एकदा रोकड मोजावी लागते. हे सारे पर्यवेक्षणाचे कौशल्य आहे आणि आमच्या सेवेत ते पिढ्यानपिढ्या शिकवले गेले. संगणकाच्या बाबतीत मात्र आम्ही ते वापरायचे सोडून दिले, कारण पडद्यावरच्या हिरव्या दिव्याने आमचे समाधान होते. वर सांगितलेल्या सात मुद्द्यांपैकी एकासाठीही प्रोग्रामिंग येण्याची आवश्यकता नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. दोन ठिकाणी प्रती ठेवणे, नोंदी जपणे, वाडा बदलून पाहणे, याला पैसा लागतो. लागतो. पण आज तो खर्च होत नाही असे नाही, तो नागरिक करतो आहे. एक दिवसाची बुडालेली मजुरी, दुसरा बसचा प्रवास, दस्तलेखकाला पुन्हा दिलेले पैसे, विलंबाचा दंड, हे सर्व त्याच्या खिशातून जाते, म्हणून ते आमच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे, पंजाबातही २०१८ चा तशाच स्वरूपाचा कायदा आहे. दोन्हींत सेवेला मुदत आहे. त्या मुदतीच्या हिशेबात सर्व्हर बंद असल्याचे तास कोणाच्या नावावर टाकायचे, हे जोवर ठरत नाही तोवर त्या मुदतींना अर्धाच अर्थ आहे.

आपल्यापैकी अनेकजण डेराबस्सीसारख्या गावांत, किंवा आणखी दूर परदेशात, याच व्यवसायात आहेत. शासकीय प्रणाली बांधणाऱ्या कंपन्यांतही मराठी तरुण मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याकडे माझे एक मागणे आहे. सेवा आपोआप उभी राहिली म्हणून काम संपले असे मानू नका. ती का पडली, हे दोन ओळींत लिहून विभागाच्या त्या अधिकाऱ्याला पाठवा, मग त्याने मागितले असो वा नसो. आणि जे माझे सहकारी आज त्या खुर्च्यांत आहेत त्यांनी ती दोन ओळींची टिप्पणी फाईलला लावावी, तिच्यावर शेरा लिहावा आणि पुढच्या आढाव्यात ती काढून विचारावी. टिप्पणी, शेरा आणि आढावा ही हत्यारे आपल्या हातात इंग्रजी अमदानीपासून आहेत. त्यांना वीज लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही.